सांगलीत राहून पहिली ट्रायथलॉन: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतची तयारी

सांगली-मिरजेत राहून ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या स्पर्धेची, तयारी करायची असेल, तर पंचांगाआधी साखर कारखान्यांचा हंगाम बघा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं आणि मार्चपर्यंत आष्टा, इस्लामपूर, पलूस, कुंडल, कुठल्याही बाजूला निघा, रस्ता उसाच्या डबल ट्रॉल्यांचा असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी साउंड सिस्टिम. तुमची घंटा सोडा, एसटीचा हॉर्नसुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याचं सायकलिंग दिवाळीच्या आत उरकायचं, हा पहिला नियम. पाडव्याला पाण्यात उतरायचं, पावसाळ्यात पाया घालायचा, गणपती उठले की नेट लावायचा आणि नोव्हेंबरमधली एखादी स्पर्धा धरायची. सात-आठ महिने हाताशी मिळतात. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याला तेवढे लागतातच.

अंतर कोणतं घ्यायचं

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट: १५००, ४० आणि १०. पुढे हाफ आयर्नमॅन, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, आणि फुल आयर्नमॅन, ३.८, १८० आणि ४२.२. गोव्यात २०१९ पासून हाफ आयर्नमॅन सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक सायकल ग्रुपवर कुणाचं तरी मेडल झळकतं. ते बघून थेट तिथलाच फॉर्म भरणारे बरेच असतात. भरू नका. पहिल्या वर्षी ऑलिंपिक अंतर पुरे, आणि पोहणं शून्यातून शिकायचं असेल तर स्प्रिंट. हा लेख ऑलिंपिक अंतर धरून लिहिला आहे. स्प्रिंट करणाऱ्यांनी आकडे निम्मे करावेत.

सुरुवातीला डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. वय चाळीशीच्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टचं विचारा. शाकाहारी असाल तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ पण तपासून घ्या. दम लवकर लागतो म्हणून सराव वाढवत राहतात आणि मूळ दुखणं रक्तात निघतं, असं बऱ्याचदा होतं.

पोहणं: विहिरीतलं विसरायचं

आपल्या भागात पोहता येत नाही असं म्हणणारे पुरुष कमीच. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं असतं, मग महिनाभरात सूर मारणं सुरू. (मुलींच्या वाट्याला हे फारसं आलं नाही. त्यामुळे त्यांना निदान विसरायचं काही नसतं.) मुरलीकांत पेटकर याच जिल्ह्यातल्या पेठचे. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकलं.

पण विहिरीतलं पोहणं म्हणजे डोकं वर, हात चापट आणि पाय सायकल मारल्यासारखे. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग पाण्यात तिरपं होतं आणि सगळी ताकद पाणी ढकलण्यात जाते. २५ मीटरच्या तलावात दोन फेऱ्यांत छाती भरून येते ती स्टॅमिना कमी म्हणून नाही, यामुळे.

पहिले तीन आठवडे फक्त श्वासाचं काम करा. काठ धरा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहा. श्वास पाण्यातच पूर्ण सोडायचा. तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायचा. बहुतेक जण पाण्यात श्वास कोंडून ठेवतात आणि बाहेर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदम करायला बघतात, तिथे घोटाळा होतो. हे बसलं की काठाला पायाने रेटा देऊन हात पुढे ताणून नुसतं तरंगत जा, नजर तळाच्या फरशीवर. मग कुशीवर वळून श्वास घ्यायला शिका. डोकं उचलायचं नाही, खांद्याबरोबर वळवायचं. एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर राहिला म्हणजे बरोबर. पाय कमरेतून हलकेच हलवायचे, गुडघ्यातून नाही. ट्रायथलॉनमध्ये पाय पुढच्या दोन खेळांसाठी राखून ठेवायचे असतात. या टप्प्याला शक्य असेल तर कोच लावाच. सायकलवर पाच हजार कमी खर्च करा, ते इकडे घाला.

त्यानंतर अंतर. ५० मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. मग १०० च्या सहा, २०० च्या चार, ४०० च्या तीन. दर टप्प्याला दोन-तीन आठवडे द्या. जुलै-ऑगस्टपर्यंत सलग १५०० मीटर, म्हणजे २५ मीटरच्या तलावात ६० वेळा लांबी, न थांबता निघायला हवं. ४० मिनिटांत झालं तरी पहिल्या वर्षाला उत्तम. १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद एवढाच वेग त्याला लागतो.

आता कृष्णेचं. घाटावरून उडी मारण्याचा मोह होणार, कारण स्पर्धा बहुधा तलावात नाहीतर समुद्रात असते आणि नदी तर दाराशी आहे. पण कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबरकडच्या लोकांना विचारा. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या त्यांना रोज दिसतात आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. पावसाळ्यात पाण्याची ओढ आणि गाळ वेगळाच. एकट्याने नदीत सराव करू नका. उघड्या पाण्याचा सराव करायचा तो स्पर्धेच्या आयोजकांनी किंवा एखाद्या क्लबने ठेवलेल्या सत्रातच, जिथे बोट आणि जीवरक्षक असतात, आणि कमरेला नारिंगी फ्लोट बांधून. तिथे शिकण्याची गोष्ट एकच: तळाला रेघ नसताना सरळ कसं जायचं. दर आठ-दहा हातांनंतर डोळ्यांपुरतं डोकं बाहेर काढून समोरचा बॉय, म्हणजे खुणेसाठी पाण्यावर सोडलेला मोठा फुगा, बघायचा आणि लगेच श्वासासाठी बाजूला वळायचं. डोळे तेवढे बाहेर, बाकी सगळं पाण्यात, अगदी मगरीसारखं.

सायकल: आधी सीट, मग वारा, मग चढ

पहिल्या स्पर्धेला सरळ हँडलची हायब्रिड सायकल चालते. रोडबाइक असेल तर चांगलंच, नसेल तर त्यासाठी कर्ज काढू नका. हेल्मेट मात्र बिनतडजोड. त्याशिवाय स्पर्धेत उभंही करत नाहीत.

सीटची उंची बघायला भिंतीला टेकून सायकलवर बसा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली आणा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल किंवा पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका, आणि मूळ जागी दांड्यावर टेपची खूण करून ठेवा.

आपल्या रस्त्यांवर पंक्चर म्हणजे वेडी बाभूळ. कडेच्या फांद्या छाटून टाकतात आणि तो काटा टायर सहज आरपार करतो. ट्यूब बदलणं घरी, टीव्हीसमोर बसून, हात काळे होईपर्यंत करून बघा. टायर काढल्यावर नवी ट्यूब घालायची घाई नको. टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, पूर्ण गोल. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, आणि तेच दहा मिनिटांत नव्या ट्यूबचा निकाल लावतं. सापडलं की आतून बाहेर ढकला, नखाने नाही निघालं तर टायर काढायच्या लिव्हरच्या टोकाने. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती बसवा, म्हणजे रिमखाली चिमटत नाही. सोबत दोन ट्यूब, दोन लिव्हर, पंप आणि पॅच कायम असू द्या.

सांगली सपाट आहे ही रड सगळे रडतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत पश्चिमेचा वारा सुटतो, तोच आपला घाट. आष्ट्याकडे निघा: जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. जाताना वेग बघू नका, पायाचा फेरा बघा. मिनिटाला ८० ते ९० फेरे राहतील असा गिअर ठेवा. जड गिअर दाबत राहिलात तर मांड्या फुगतील, पण उतरल्यावर धावता येणार नाही. आणि वेळ वाऱ्याविरुद्ध जाताना द्या. परत येताना ३५ चा वेग बघून आपण तयार झालो असं वाटतं, ते श्रेय वाऱ्याचं असतं.

चढासाठी मिरज-पंढरपूर रस्त्याने दंडोबा जवळ आहे. ताकारी-देवराष्ट्रे बाजूला सागरेश्वरचा घाट आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी पन्हाळा करा. साताऱ्याला पाहुणे असतील तर सायकल गाडीवर टाकून यवतेश्वर घाटातून कासपर्यंत जाऊन या. एकदा तो घाट चढलात की कुठल्याही स्पर्धेतले चढ फार वाटत नाहीत. फुलांच्या हंगामातल्या शनिवार-रविवारी मात्र नको, तेव्हा तिथे सायकल काय, मोटारसुद्धा सरकत नाही.

पूर आला, रस्ते बंद झाले, तर घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड. ट्रेनर नसेल तर तो आठवडा धावण्यात आणि ताकदीच्या व्यायामात घालवा. काही बिघडत नाही.

रविवारच्या राईडची शर्यत

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्याकडे हौशी खेळाडू कमी सराव करतो म्हणून मागे पडत नाही. तो रोज सारख्याच, मधल्याच जोरात करतो. पहाटे ग्रुप निघतो, विश्रामबागपर्यंत गप्पा, अंकली पुलावर कुणीतरी एक जण पुढे काढतो आणि तिथून जयसिंगपूरपर्यंत सगळ्यांची शर्यत. नंतर चहा, फोटो आणि स्ट्राव्हा ॲपवर आकडे. असं आठवड्यातून चारदा झालं की पाय कायम जड राहतात. हळू करायच्या दिवशी हळू होत नाही आणि जोराच्या दिवशी जोर उरत नाही.

एकूण सरावातला साधारण ऐंशी टक्के वेळ इतका सोपा हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हार्ट रेट मॉनिटर असेल तर एक चाचणी करा: चांगला वॉर्मअप करून एकट्याने ३० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा पूर्ण जोरात सायकल चालवा. शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी म्हणजे तुमची मर्यादारेषा. ती १६५ आली, तर सोप्या राईडमध्ये १४० च्या आत राहायचं. धावण्यासाठी अशीच वेगळी चाचणी लागते, तिथे ठोके थोडे वर जातात. २२० वजा वय हा हिशोब ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोघांत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो.

ग्रुप सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण पुलावर शर्यत सुटली की मागे राहायला शिका. चिडवतील. चिडवू द्या.

धावणं आणि जोड

धावण्याला तिन्हींत सगळ्यात कमी कौशल्य लागतं आणि दुखापती सगळ्यात जास्त इथेच होतात. आठवड्याला तीन वेळा, त्यातलं एक लांब. पाच किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू बारापर्यंत न्या. दर चौथा आठवडा हलका ठेवा, नेहमीच्या साठ टक्के. नडगी किंवा टाच सकाळी उठल्यावर दुखत असेल तर त्या दिवशी पोहायला जा. बूट अर्ध्या साइझने मोठे घ्या, पाय उन्हात सुजतात.

ताकदीसाठी जिमचीच गरज आहे असं नाही. ज्या जिल्ह्यात कुंडलसारखी कुस्ती मैदानं भरतात, तिथे जोर-बैठका शिकवायला माणूस शोधावा लागत नाही. आठवड्यातून दोनदा बैठका, जोर, एका पायावर उभं राहून टाच उचलणं आणि प्लँक, अर्धा तास.

सप्टेंबरपासून जोड सराव धरा, ज्याला सगळे ब्रिक म्हणतात: सायकलवरून उतरायचं आणि लगेच धावायचं. आधी ३० किलोमीटर सायकल आणि २ किलोमीटर धावणं, पुढे ४० आणि ५. पहिला किलोमीटर पाय परक्याचे वाटतात. सायकलच्या लयीत आपण नकळत जोरातही सुटतो. मुद्दाम हळू धावा, एक-दीड किलोमीटरनंतर पाय ताब्यात येतात.

आठवडा कसा बसवायचा

सात ते आठ तास पुरतात. सोमवारी सुट्टी, रविवारचं अंग सोमवारीच बोलतं. मंगळवारी पोहणं आणि संध्याकाळी जोर-बैठका. बुधवारी सायकल एक ते सव्वा तास, त्यात चार वेळा पाच-पाच मिनिटं जोरात, मध्ये तीन मिनिटं हळू. गुरुवारी सोपं धावणं. शुक्रवारी पोहणं, जमलं तर संध्याकाळी परत अर्धा तास ताकद. शनिवारी लांब धावणं, अगदी सावकाश. रविवारी लांब सायकल, अडीच-तीन तास, आणि सप्टेंबरनंतर तिला जोडून तिसरं धावणं. त्याआधी तिसऱ्यांदा धावायचं ते मंगळवारी, वीस-पंचवीस मिनिटं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी दिवस हवे तसे फिरवावेत, फक्त दोन जड दिवस पाठोपाठ येऊ देऊ नका. एखादा दिवस हुकला तर तो गेला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका.

गणपतीत झोप होत नाही, जेवण वेळेवर नसतं. तो आठवडा आधीच हलका म्हणून लिहून टाका.

खाणं: बेदाणा जवळ असताना एनर्जी जेल कशाला

तासाभराच्या सरावाला पाण्याशिवाय काही लागत नाही. दीड-दोन तासांच्या पुढे गेलात की ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, नाहीतर अचानक डोळ्यांपुढे अंधारी आणि पाय रिकामे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. आणि तासगावचा बेदाणा तर घरचाच: ५० ग्रॅमची पुडी म्हणजे जवळपास ४० ग्रॅम कार्बोहायड्रेट. जर्सीच्या खिशात पुडी टाका, दर वीस मिनिटांनी एक चिमूट. एकदम मूठभर खाल्लात तर पोट फुगेल, म्हणून सरावातच सवय करा. धावताना बेदाणा चावणं जमत नाही, तिथे गुळाचं पाणी किंवा जेल बरं. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण तेलामुळे पचायला वेळ लागतो. ती राईड संपल्यावर.

उन्हाळ्यात ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. नेमकं किती, ते स्वतःचं काढा. राईडच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे जे प्यालात त्याखेरीज साधारण एक लिटर आणखी गेलं. बाटलीत जलसंजीवनी करा: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि लिंबू पिळून. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. घरी आल्यावर ताक, भाकरी, उसळ किंवा अंडी. मिठाची तल्लफ आली तर भडंग आहेच.

शेवटचे दोन आठवडे आणि स्पर्धेचा दिवस

शेवटच्या पंधरवड्यात सरावाचा वेळ निम्म्यावर आणा. जोराचे छोटे तुकडे ठेवा, लांबी काढा. या दिवसांत अंगात उगाच ऊर्जा वाटते, एखादी मोठी राईड मारावीशी वाटते. ती मारू नका. नवे बूट, नवी सीट, नवं खाणं, यातलं काहीही आता नको.

कपडे-साहित्य बदलण्याच्या जागेचा सराव घराच्या अंगणात करा. टॉवेल अंथरा, त्यावर हेल्मेट उलटं, आत गॉगल, शेजारी बूट, बुटांना इलॅस्टिकच्या लेस, आणि नंबर लावलेला पट्टा. पाण्यातून आल्यावर आधी हेल्मेटचा बक्कल लावायचा, मगच सायकलला हात. हा नियम आहे, आणि तो मोडला की दंड बसतो. सायकलवर बसायची आणि उतरायची रेषा ठरलेली असते. हौशी गटात पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला बंदी असते. किती अंतर सोडायचं ते त्या स्पर्धेच्या पत्रकात बघून ठेवा.

पोहताना पहिल्या रांगेत घुसू नका. कडेला, मागे थांबा, गर्दी जाऊ द्या. घाबरल्यासारखं झालं तर पाठीवर वळा, दहा श्वास घ्या, मग पुढे. फ्लोट किंवा बोट धरून थांबायलाही बहुतेक ठिकाणी परवानगी असते, फक्त पुढे सरकायचं नसतं. सायकलचे पहिले दहा किलोमीटर मुद्दाम आवरून चालवा आणि खायला सुरुवात करा. शेवटच्या दोन किलोमीटरला गिअर हलका करून पाय मोकळे करा. मग धावा, आणि पाण्याच्या टेबलावर चालत प्या.

स्पर्धेनंतर आठवडाभर फक्त हिंडणं आणि हलकं पोहणं. तोवर ट्रॉल्या रस्त्यावर आलेल्या असतात. ज्यांना तिन्हींपैकी सायकलच आवडली असेल, त्यांनी हिवाळ्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेकडे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राईडकडे, बघावं. मर्यादा साडेतेरा तासांची आहे, कुणाशी शर्यत नाही, आणि पुढे-मागे दिवे व रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतं. ते दोन्ही याच महिन्यात घेऊन टाका, ऊस असेतोवर रोजच्या सरावालाही लागतील.